नोवित्साच्या पत्रकावरची नावं

वुकोमानला सख्ख्या भावाच्या मरणाची बातमी विजेच्या खांबाने दिली.

आमच्याकडे माणूस गेला की काळ्या चौकटीचं पत्रक छापतात. वर फोटो, खाली नातलगांची नावं. मग ते खांबांना, झाडांना, दुकानांच्या दारांना डकवत जातात. जंगलाच्या फाटकासमोरच्या खांबावर आठवड्याला एखादं असतंच. माणसं येता-जाता वाचतात, छातीवर क्रूसाची खूण करतात आणि कामाला लागतात. पण सख्ख्याने खांब वाचायचा नसतो. सख्ख्याच्या घरी माणूस पाठवतात. तो दारात टोपी काढून उभा राहिला की न बोलताच सगळं कळतं.

वुकोमानच्या दारात कोणी टोपी काढली नव्हती. सप्टेंबरची अखेर होती. नेहमीप्रमाणे उठून त्याने गुळगुळीत दाढी केली, कॉफी प्याला, वनरक्षकाचा हिरवा कोट चढवला आणि आठच्या ठोक्याला बिओग्राडच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर हजर झाला. अडतीस वर्षं तो असाच हजर होत आला होता. या हिवाळ्यात निवृत्त व्हायचा होता. फाटकाचं कुलूप काढताना त्याची नजर सहज खांबावर गेली आणि फोटोतला नोवित्सा त्याच्याकडे बघत होता. तीन वर्षांनी धाकटा, एकसष्ट वर्षांचा, कोणाच्या तरी लग्नातला फोटो, गळ्यात टाय.

त्याने पत्रक वाचलं. पुन्हा वाचलं. बायको स्तामेना. मुलगे बोगिच आणि लुका. सुना, नातवंडं, चुलतभाऊ, आतेभाऊ, व्याही, ‘आणि इतर असंख्य नातेवाईक’. कोलाशिनच्या वाटेवरच्या दफनभूमीत तीन वाजता माती. दहापासून सांत्वनासाठी प्रार्थनाघरात.

भावाचं नाव नव्हतं. आतेभावाचं होतं. आतेभाऊ तिकडे बेलग्रेडला, वर्षातून एकदा येतो तो फुकटची राकिया प्यायला.

“वुकोमान, अरे, मी आताच बघितलं.” तिकिटाच्या खिडकीतून यागोदा बाहेर आली. पंचवीस वर्षं त्याच्याबरोबर फाटकावर काढलेली, जीभ तिखट पण मन साफ. आज तिची जीभही जड झाली होती. “देव त्याला क्षमा करो. तू इथे काय करतोयस? जा ना तिकडे.”

“माझं नाव नाहीये.”

“काय?”

“वाच.”

यागोदाने चष्मा लावला. ओठ हलवत शेवटापर्यंत वाचलं. मग उगाच पहिल्यापासून वाचलं.

“छापणाऱ्याची चूक असेल,” ती म्हणाली. “तो झार्को म्हणजे आंधळं दळण. गेल्या वर्षी माझ्या सासूच्या फोटोखाली दुसऱ्याच बाईचं नाव घातलं त्या गाढवाने. सासू जिवंत असती तर दुसऱ्यांदा मेली असती.”

“चूक असेल,” वुकोमान म्हणाला.

आणि ते त्याने घट्ट धरलं. बुडत्याला काडी, तशातली गत. कारण चूक असेल तर गोष्ट सरळ होती: जाऊन रांगेच्या डोक्याशी उभं राहायचं. मेलेल्याची पुरुषमंडळी ओळीने उभी राहतात, भाऊ पहिला, मग मुलगे, मग बाकीचे. येणारा एकेकाचा हात धरत पुढे जातो. पण चूक नसेल, आणि तरी हा जाऊन उभा राहिला, तर सगळ्या कुळासमोर पुतण्या त्याला हाताने धरून बाजूला करणार. चौसष्टाव्या वर्षी तेवढंच बघायचं राहिलं होतं.

आता यात झार्कोची चूक असेल असं वुकोमानला खरंच वाटत होतं का? नव्हतं. नाव का नसेल हे त्याला चांगलं ठाऊक होतं, खोऱ्यातल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी वादळात जंगलातलं एक मेपल पडलं होतं. आतल्या सरोवराच्या वरच्या अंगाला, जुन्या चराईच्या वाटेवर. दोघा भावांचा बाप आर्सेनिये त्या झाडाखाली मेंढ्या राखत लहानाचा मोठा झाला होता. तेव्हा ना फाटक होतं ना तिकीट. म्हातारा त्या वर्षी अंथरुणाला खिळला होता. आमच्याकडची म्हातारी माणसं आपल्या शवपेटीच्या फळ्या आधीच करून माळ्यावर ठेवतात. घरात फळ्या आहेत म्हटलं की झोप शांत लागते. म्हाताऱ्याने मुलांना म्हटलं, “पडलंच आहे, तर माझ्यापुरतं आणा.”

वुकोमान म्हणाला, “बाबा, तिथलं काही उचलता येत नाही. पडलेलंसुद्धा.” त्या जंगलाचा कायदाच तो. उभं झाड उभं, पडलेलं पडलेलं, काडीला हात लावायचा नाही. म्हातारा गप्प झाला. नोवित्सा त्याहून गप्प झाला.

चार दिवसांनी फेरीवर असताना वुकोमानला वाटेवर भुसा दिसला. खोड मधून कापलेलं होतं, आणि कापावर बोटभर अंतराने एक ओरखडा. घरातल्या करवतीचा एक दात तुटलेला होता. तो दात वुकोमाननेच पोरवयात खिळ्यावर घालून तोडला होता आणि त्यापायी मारही खाल्ला होता.

तो गप्प बसू शकला असता. कोणी विचारलंही नसतं. पण त्याच आठवड्यात त्याने खालच्या वाडीच्या एका गरिबाला सरपणाच्या मोळीसाठी पकडून दिलं होतं, आणि तो माणूस म्हणाला होता, “तुमच्या घरचं असतं तर डोळे मिटले असते.” हे वाक्य वुकोमानला चावत होतं. नाकासमोर चालणारा माणूस. नाकासमोर बाप आला तरी वळायचं कसं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याने अहवाल लिहिला. स्वच्छ अक्षरात, भावाच्या नावानिशी.

दोन माणसं येऊन माळ्यावरून फळ्या उतरवून घेऊन गेली. म्हाताऱ्याने खाटेवरून विचारलं, “कोणी पाठवलं तुम्हाला?” आणि त्यातल्या एकाने, कागद हातात होता म्हणून, सही वाचून दाखवली.

अकरा दिवसांनी म्हातारा गेला. दुकानातल्या पेटीत पुरला, दाबलेल्या भुशाच्या तक्त्यांची, वर लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवलेली. दोघे भाऊ रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहिले, चारशे माणसांचे हात हातात घेतले, आणि एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. त्यानंतर बोललेच नाहीत. फळ्या कुठल्याशा शेडमागे पावसात कुजल्या, तेही वुकोमानने पाहिलं. तो म्हणायचा, नियम म्हणजे नियम. असं तो फारच वेळा म्हणायचा.

नऊ वाजता बस आली. समुद्राकडचे चौदा निवृत्त शिक्षक, डब्यात पाव-चीज, हातात काठ्या. त्यांना जंगल दाखवायला वुकोमानच होता, दुसरा वाटाड्या रजेवर होता. यागोदा म्हणाली, “मी सांगते त्यांना, आज नाही म्हणून.” वुकोमान म्हणाला, “राहू दे. दहाच्या आत तिथे जाऊन काय करू?” खरं तर त्याला जायचं की नाही हे ठरवायचं होतं, आणि चालल्याशिवाय त्याला काही ठरवता येत नसे.

सरोवर शरद ऋतूत उतरतं. तळातून कुठेतरी पाणी झिरपत राहतं आणि काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्यात उन्हाळाभर पाण्याखाली असलेली खोडं बाहेर येतात, काळी, गुळगुळीत. होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. ढग इतके खाली की समोरचे डोंगर नव्हतेच. शिक्षक मंडळी हिरमुसली.

“चित्रात तर पाणी हिरवंगार दिसतं हो,” लाल टोपीतल्या बाई म्हणाल्या.

“जूनमध्ये या,” वुकोमान म्हणाला.

जंगलात शिरल्यावर सगळे आपोआप हळू बोलायला लागले. तिथे तसंच होतं. पाचशे वर्षांची झाडं अंगावर शेवाळ घेऊन उभी असतात आणि त्यांच्या पायाशी त्यांचीच पडलेली भावंडं. उजेड खालपर्यंत येतच नाही. कोणीतरी म्हणालं देवळात आल्यासारखं वाटतं. दरवेळी कोणीतरी म्हणतंच.

“एवढी लाकडं पडून सडतायत,” एक उंच मास्तर म्हणाले, भौतिकशास्त्राचे असावेत, त्यांना सगळं चुकलेलंच दिसत होतं. “कोणाच्या उपयोगी तरी पडू द्यायची. गरीब माणूस हिवाळ्यात जाळेल.”

वुकोमानने अडतीस वर्षं दिलेलं उत्तर द्यायला तोंड उघडलं. पडलेल्या झाडावर बुरशी येते, किडे येतात, किड्यांमागे पाखरं येतात. रोपं त्याच खोडावर रुजतात. इथलं अर्धं जगणं मेलेल्यांच्या अंगावर चालतं. तो हे चांगलं सांगायचा. लोक टाळ्या वाजवायचे.

“नियम आहे,” तो एवढंच म्हणाला.

“म्हणजे तुमचा स्वतःचा माणूस आला, म्हणाला फळकूट द्या, तरी नाही?”

“तरी नाही.”

“कमाल आहे!” मास्तर बायकोकडे वळून म्हणाले. “अशी चार माणसं प्रत्येक कचेरीत हवीत.”

वुकोमान पुढे चालू लागला. मास्तरांनी मनापासून कौतुक केलं होतं. इतक्या वर्षांत त्याला याच कौतुकाची भूक होती, आणि आज ते घशाखाली उतरेना. त्याला आज पहिल्यांदा स्पष्ट वाटलं की अहवाल लिहिला तेव्हा तो कायद्याला भ्याला नव्हता. खालच्या वाडीतल्या त्या मोळीवाल्याच्या तोंडाला भ्याला होता. एका वाक्यासाठी त्याने बाप खाटेवर उघडा पाडला. हे त्याला एकोणीस वर्षं माहीत होतं. कबूल आज केलं, तेही ऐकायला कोणी उरलं नाही तेव्हा.

साडेअकराला मंडळी बसमध्ये बसली. वुकोमानने यागोदाच्या खोलीतून झार्कोला फोन लावला.

“झार्को, ते नोवित्साचं पत्रक. त्यात एक नाव राहिलंय का?”

पलीकडे मशीनचा आवाज बंद झाला.

“वुकोमानकाका?”

“हो.”

“काका, देव त्यांना क्षमा करो... आता तुम्हाला कसं सांगू? मजकूर ते स्वतःच देऊन गेले होते. ईस्टरच्या आठवड्यात. फोटो, नावं, सगळं. इस्पितळातून परत आल्या आल्या. धाप लागलेली होती, खुर्ची दिली मी.”

“म्हणजे त्यानेच नाही लिहिलं.”

“नाही, तसं नाही. पहिल्या ओळीत ‘भाऊ’ लिहिलं होतं, आणि पुढे जागा सोडली होती. मी म्हटलं, काका, इथे नाव? तर म्हणाले, ‘मोकळी राहू दे. तो आला तर त्याच्यासमोर लिहीन.’”

वुकोमानने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मग उन्हाळ्यात दोनदा येऊन गेले. कागद मागून घ्यायचे, बघायचे, परत द्यायचे. काल बोगिच आला. मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, नाव नाही तर ओळ कशाला? मी काढली. नुसतं ‘भाऊ’ असं कसं छापणार, काका? तुम्हीच सांगा.”

“बरोबर केलंस,” वुकोमान म्हणाला आणि फोन ठेवला.

यागोदाने काही विचारलं नाही, यावरूनच समजा चेहरा कसा झाला असेल.

वुकोमान भावाकडे जायला निघालाच नव्हता असं नाही, हीच तर पीडा. नोवित्साच्या फुप्फुसात गाठ आहे, डॉक्टरांनी घरी पाठवलंय, हे त्याला एप्रिलमध्येच कळलं होतं. पहिल्या रविवारी चीजची एक अख्खी चकती आणि राकियाची बाटली गाडीत टाकून तो निघाला. तारा नदीच्या पुलापर्यंत गेला. पुलापलीकडे चढण, चढणीवर घर, खिडकीत दिवा. पुलावर गाडी थांबवून त्याने दोन सिगरेटी ओढल्या. मनात म्हणाला, मी थोरला. थोरल्याने आधी पायरी चढायची म्हणजे चूक कबूल केल्यासारखं. त्याला एक निरोप धाडू दे, अर्ध्या शब्दाचा, धावत जाईन. आणि गाडी वळवली. मे महिन्यात पुन्हा. ऑगस्टमध्ये पुन्हा. चीज एकट्यानेच खाल्लं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती.

हा कसला मोठेपणा, असं तुम्ही म्हणाल. आमच्याकडे हाच मोठेपणा. डोंगरात अन्न कमी पिकतं, हा मात्र भरपूर.

दीड वाजता तो प्रार्थनाघरी पोचला. अंगण माणसांनी भरलेलं होतं. त्याला पाहून बोलणं थांबलं नाही, पण बारीक झालं. काळ्या शर्टातली कुळातली माणसं भिंतीशी रांगेत उभी होती. सगळ्यांच्या गालांवर खुंट उगवलेले, कारण मेलेल्याच्या घरचा पुरुष चाळीस दिवस दाढीला हात लावत नाही. वुकोमानला आपल्या तुळतुळीत गालांची लाज वाटली. सकाळी माहीत नव्हतं, हे प्रत्येकाला थांबवून थोडंच सांगता येतं?

रांगेच्या डोक्याशी बोगिच होता. बापासारखाच ठेंगणा, रुंद खांद्यांचा. त्याच्या डावीकडे लुका. आणि पाहुण्यांच्या ओळीतून वुकोमान जवळ येताना दिसला तसा लुका अर्धं पाऊल मागे सरकला. फार नाही, एका माणसाला खांदा घालता येईल इतकंच. बोगिच जागचा हलला नाही, पण त्याने लुकाला पुढेही ओढलं नाही. अंगणातले सगळे बघत होते. बघत नसल्यासारखं करत बघत होते.

ती फट त्याच्यासमोर होती. शिरला असता तर कोणी काढला नसता; झार्कोने सांगितलेलं बोगिचच्या कानात सांगितलं असतं तर पहिली जागाही मिळाली असती. वुकोमानच्या जिभेवर आलंही होतं: तुझ्या बापाने माझी ओळ मोकळी ठेवली होती रे. पण ती ओळ कोणासाठी मोकळी होती? जो येईल त्याच्यासाठी. जिवंतपणी, चढण चढून, दारात येईल त्याच्यासाठी. पुलावरून तीनदा परत फिरलेल्याने आता भाऊ पेटीत गेल्यावर त्या ओळीत आपलं नाव घालायचं, हे त्याला जमेना. मन घट्ट करून त्याने हात पुढे केला.

“देव त्याला क्षमा करो,” तो बोगिचला म्हणाला, परक्याने म्हणावं तसं.

बोगिचच्या हाताला क्षणभर काय करावं कळलं नाही. मग तो म्हणाला, “आलात, आभारी आहोत. पुढची भेट आनंदात होवो.”

लुकाचे डोळे भरले होते. वुकोमान एकेकाचा हात धरत पुढे गेला: चुलतभाऊ, व्याही, आणि तो आतेभाऊ.

आत पेटीभोवती बायका होत्या. वुकोमान उंबऱ्यात आला तशी स्तामेनाने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि हात पेटीवर टेकून विलाप सुरू केला. विलापात बाई काय वाटेल ते बोलते. पुरुषांनी ऐकून घ्यायचं असतं. उलट बोलायची रीत नाही.

“ऊठ रे नोवित्सा, ऊठ रे माझ्या धन्या! खाट खिडकीला लाव म्हणालास, रस्ता दिसू दे म्हणालास. वसंत गेला, रस्ता बघितलास. उन्हाळा गेला, रस्ता बघितलास. पुलावर गाडी दिसली की मला म्हणायचास, स्तामेना, कॉफी ठेव! तीनदा ठेवली रे मी, तीनदा ओतून टाकली. आता डोळे उघड, नोवित्सा, आता तो उंबऱ्यात उभा आहे!”

बायांचा हुंदका एकदम फुटला. वुकोमानने चौकट धरली. त्याला वाटलं होतं पुलावर आपल्याला कोणी पाहिलं नव्हतं. वरून खिडकीतून भाऊ प्रत्येक वेळी पाहत होता. दोन सिगरेटी संपेपर्यंत पाहत होता. निरोप धाडत नव्हता, कारण गाडी तर दिसत होती, आता येईलच, असं म्हणत होता.

पेटीजवळ जायचं, कपाळाला ओठ लावायचे, हे भावाने करायचं असतं. त्याने उंबऱ्यातूनच क्रूस केला आणि तो बाहेर आला.

अंगणाच्या कोपऱ्यात, कुंपणाशी, लांबच्या गावांहून आलेल्या लोकांसाठी बाकं मांडली होती. तिथे एक म्हातारा एकटाच बसला होता, बेराने गावाकडचा, ओळख नसलेला. त्याने सरकून जागा केली आणि राकियाचा पेला पुढे केला. वुकोमानने मेलेल्याच्या नावाने थेंबभर जमिनीवर सांडली, बाकीची घशात ओतली.

“भला माणूस होता,” म्हातारा म्हणाला. “लाकूडकामाला आमच्याकडे यायचा. माझ्या नातीचा पाळणा त्यानेच केला. तुम्ही लांबून आलात?”

“जंगलातून. उद्यानाचा माणूस मी.”

“हां, कोट बघितला.” म्हाताऱ्याने मान हलवली. थोडा वेळ तो रांगेकडे बघत राहिला, एकेक तोंड न्याहाळत, बोटांवर मोजल्यासारखा. “त्याला एक थोरला भाऊ होता ना हो? काम करता करता बोलायचा त्याच्याविषयी. वाईट नाही बोलायचा हं कधी. म्हणायचा, येईल, थोडा अडेल आहे, पण येईल. आलाय का तो?”

वुकोमान रांगेकडे बघत होता. लुका अजून अर्धं पाऊल मागेच उभा होता.

“नाही,” तो म्हणाला. “तो नाही आला.”